मी ओसाकात होतो तेव्हा

२ एप्रिल
ठरलं. मे महिन्यात ओसाका. दोन दिवस, एक मुक्काम. मी आणि फुसाए. खेकड्यांचा सीझन संपलाय, बंदर थंड आहे, आणि बर्फ कारखान्याच्या ऑफिसात मी नसलो तरी बर्फ गोठतोच.

फुसाएला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, बरं. तीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी बातमी दिली आणि बायको म्हणते, बरं. आनंद पोटात मावला नाही की माणूस गप्पच होतो, असं धरून चालतो.

३ एप्रिल
काल एक गोष्ट लिहायची राहिली. लग्नानंतर तिला ओसाकाला नेतो म्हणालो होतो. प्रत्यक्षात काइकेच्या गरम झऱ्यांपर्यंत पोचलो. बसने. काइके आमच्या साकाइमिनातोहून इतकं जवळ आहे, की तिथून आमच्याच बंदराचे दिवे दिसले. यात माझा दोष नव्हता, तेव्हा दिवसच तसे होते. पण यंदा जायचंच. या वेळी चुकलो तर फुसाए काही बोलणार नाही, आणि तेच मला नको आहे.

६ एप्रिल
सहलपुस्तिका करायला घेतली. शाळेच्या सहलीला मुलांना देतात तशी, मुखपृष्ठावर चित्र वगैरे. चित्र मीच काढलं. ओसाकाचा किल्ला. फुसाएने विचारलं, हे आपल्या कारखान्याचं गोदाम का काढलंत?

ओसाका मला नवीन नाही. शाळकरी असताना जागतिक प्रदर्शनाला गेलो होतो. बराच वेळ हरवलेल्या मुलांच्या तंबूत होतो, पण तंबूही ओसाकातच होता.

११ एप्रिल
जुनी म्हण आहे, क्योतोचा माणूस कपड्यापायी भिकेला लागतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. तेव्हा तिथे जाऊन दोन घासांत ढेकर देणं म्हणजे नाक कापून घेणं. आजपासून पोटाची प्रॅक्टिस.

ताकोयाकीचा तवा आणला. ऑक्टोपसचा तुकडा घातलेले ते गोळे आप्प्यांसारखे खळग्यांत फिरवायचे असतात. माझे फिरले नाहीत, तव्याशी एकजीव झाले. खरवडून खाल्ले. बरोबर बिअर. एकूण प्रगती उत्तम.

१४ एप्रिल
ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कागेयामा साहेबांनी कारण विचारलं. मुद्दाम जरा मोठ्याने सांगितलं. आता सगळ्यांना कळलं, म्हणजे सगळ्यांसाठी तिकडच्या खाऊचे खोके आणणं आलं. रजा घेऊन गावाला जावं आणि रिकाम्या हातांनी परत यावं, असा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. साहेब म्हणाले, ओसाकाचे पोर्कचे वाफवलेले बन फार छान असतात म्हणे, पण तुम्ही आपलं ओझं करू नका हं, मुळीच करू नका. म्हणजे आणायचे.

शेजारच्या नोसाकाबाईंनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

२० एप्रिल
ओसाकात चांगल्या दुकानापुढे रांग असतेच. रांगेत उभं राहणं ही कला आहे, सवय हवी. म्हणून आज आमच्या कोपऱ्यावरच्या नूडलच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. रांग नव्हती. एकटाच उभा राहिलो. शेवटी मालक बाहेर आला आणि घाबरत विचारू लागला, आमचं काही चुकलं का? त्याला म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतोय. त्याने मला आत नेऊन चहा पाजला.

२६ एप्रिल
शेजारच्या योनागो शहरात गेलो. डिपार्टमेंट स्टोअरच्या सरकत्या जिन्यावर प्रॅक्टिस. ओसाकात लोक उजवीकडे उभे राहतात आणि चालणाऱ्यांना डावी बाजू मोकळी ठेवतात. मी उजवीकडे उभा राहिलो. मागे बरीच माणसं तुंबली. एक आजीबाई म्हणाल्या, अहो, जरा बाजूला व्हाल का? मी म्हटलं, ओसाकात हीच बाजू. त्या म्हणाल्या, मग तिकडेच जाऊन उभे राहा ना!

वरच्या मजल्यावर पोस्टर होतं. 'ओसाका खाद्यमेळा.' तारखा बघितल्या तर नेमक्या आमच्या सहलीच्याच. वाईट वाटलं. ज्यांना जाणं जमत नाही, त्या बिचाऱ्यांनी असल्या मेळ्यावर समाधान मानायचं.

१ मे
पुस्तिका पूर्ण. किल्ला, कालवा, मनोरा, मत्स्यालय आणि मधल्या प्रत्येक फटीत खाणं. श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही, कारण श्वास घरीही घेता येतो.

फुसाएला वाचून दाखवली. तिने एकच मागितलं. एखाद्या जुन्या कॉफीच्या दुकानात निवांत बसून मिक्स ज्यूस प्यायचाय. केळं, पीच, दूध घालून करतात तो. कुमारी असताना मासिकात फोटो पाहिला होता म्हणे. तिला समजावलं की बसून ज्यूस पिण्याला कार्यक्रमात जागा नाही. चालता चालता काही पिता आलं तर बघू. म्हणाली, बरं.

९ मे
उजव्या पायाचा अंगठा जरा दुखतो. नवे बूट घट्ट आहेत.

१२ मे
बूट फारच वाईट निघाले. घरात अनवाणी असतानाही दुखतात.

फुसाए म्हणाली, गेल्या वर्षी डॉक्टर युरिक ॲसिडबद्दल काय म्हणाले होते आठवतंय का? हे रोजचं ऑक्टोपस आणि बिअर बंद करा. मी म्हटलं, डॉक्टर तरुण आहे. आणि प्रॅक्टिस आता कुठे रंगात आलीय. काल पहिल्यांदा गोळा गोल झाला.

१६ मे, सकाळ
आज निघायचं.

अंगठा वांग्यासारखा झालाय. रंगही तोच. पांघरुणाचा स्पर्श झाला तरी ओरडलो. बूट तर दूरच, मोजाही चढेना.

फुसाएला म्हटलं, शरद ऋतूत जाऊ, हवा चांगली असते. ती तयार होऊन बसली होती. निळा कोट, जो मी कधी पाहिला नव्हता. पूर्वी घेऊन ठेवला होता म्हणे, ओसाकासाठी. वाटलं, आता म्हणेल, बरं. ती उठली आणि फोनवर बहिणीला म्हणाली, ताई, आज मोकळी आहेस का? मग भात आणि औषध माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाली, येते हं.

मी उदार मनाने परवानगी दिली. तेव्हा तिने बूट घातलेले होते.

१६ मे, दुपार
पुस्तिका बुटांच्या कपाटावर राहिली. विसरली बिचारी. तिकडे दोघी हरवतील.

१६ मे, संध्याकाळ
एक अडचण ध्यानात आली. जगाच्या दृष्टीने मी ओसाकात आहे. ऑफिसात, शेजारी, सगळीकडे मी महिनाभर गाजावाजा केला. आता खिडकीत दिसलो तर काय तोंड दाखवू? पडदे ओढले. टीव्हीचा आवाज बंद. ओसाकात असल्यासारखं शांत राहिलो.

नोसाकाबाई आल्या. दाराशी काहीतरी ठेवलं आणि रिकाम्या घराला उद्देशून मोठ्याने म्हणाल्या, बांबूच्या कोंबांची भाजी आहे, गरम आहे तोवर खावी! मांजराला म्हणत असाव्यात. आमच्याकडे मांजर नाही. भाजी चांगली होती.

१७ मे
औषधाने ठणका उतरला. आता खाऊचा प्रश्न. फुसाए आणेल, पण बाईमाणसाला ऑफिसच्या रीतीभाती काय कळणार. आणि एकदम मेळ्याची आठवण झाली. तोच खाऊ, तेच बन, तेच ओसाकाचे लोक. फक्त ठिकाण योनागो. ही हार नव्हे, ही युक्ती.

मास्क, टोपी, काळा चष्मा. एका पायात बूट, दुसऱ्यात फुसाएची बागेतली चप्पल. कुणाची बिशाद आहे ओळखायची!

मेळ्यात बनची रांग जिन्यापर्यंत गेली होती. प्रॅक्टिस कामी आली. रांग वळली आणि समोरच्या वळणावर, माझ्याकडे तोंड करून, कागेयामा साहेब.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. गप्प उभा राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण बावीस वर्षं ज्या माणसाला रोज सकाळी वाकून नमस्कार केला, तो समोर आला की कंबर मला विचारत नाही. वाकलो. व्यवस्थित, खोल. टोपी पडली. टोपीमागून चष्मा पडला.

साहेबांनी दोन्ही वस्तू उचलून दिल्या. म्हणाले, वा, कादोवाकी! कसं काय आहे ओसाका?
मी म्हटलं, गर्दी आहे साहेब.
ते म्हणाले, हो ना, रांग बरीच मोठी आहे. मग मोठ्या सभ्यतेने छताकडे बघत राहिले. रांग संपेपर्यंत.

१७ मे, रात्री
फुसाए आली. गाल लाल, आवाज मोठा. किती बोलली! दोघी वाट चुकल्या, कुठल्या तरी गल्लीत शिरल्या, जिथे रांग नाही तिथेच खाल्लं. एका दुकानदाराने ताईला तरुणी म्हटलं. किल्ला राहिला. मत्स्यालय राहिलं. मी म्हटलं, अरेरे. ती म्हणाली, कॉफीच्या दुकानात तासन्‌तास बसलो, मिक्स ज्यूस दोनदा मागवला.

इतकं हसताना तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवत नाही. मी बरोबर असताना तर नाहीच. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

१८ मे
सकाळीच खोके घेऊन बाहेर पडलो. आधी नोसाकाबाई. म्हटलं, ओसाकाहून आणलेला छोटासा खाऊ, अगदीच मामुली. त्यांनी दोन्ही हातांनी खोका घेतला, कपाळाला लावण्याइतका वर धरला, तोंडभर आभार मानले. मग विचारलं, पाय कसा आहे?

त्यांच्या मागे फळीवर तसाच एक खोका होता. काल रात्री फुसाए देऊन गेली होती. जातानाही ती सांगून गेली होती, की यांच्याकडे जरा लक्ष ठेवा, घरीच आहेत पण विचारू नका. अख्ख्या गल्लीला सांगून गेली होती. त्या शब्दाला जागून गल्लीने दोन दिवस आमच्या घराकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचा खोका ओसाका स्टेशनच्या कागदात होता. माझा योनागोच्या स्टोअरच्या कागदात, वर स्टोअरचं ठसठशीत नाव. वेष्टन काढून खोका देणं हा उद्धटपणा, म्हणून मी ते काढलं नव्हतं. निदान रीत तरी पाळली.

२१ मे
ऑफिसात कुणीही काही विचारलं नाही. सगळ्यांनी बन खाल्ले आणि ओसाकाची चव काही औरच, असं साहेब म्हणाले. माणसं चांगली आहेत. जरा कमी चांगली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी फुसाएने मिक्स ज्यूस केला. मी ग्लास घेऊन टीव्हीकडे निघालो, तर म्हणाली, अंहं, हा बसून प्यायचा असतो. बसलो. ती समोर बसली. चांगला होता. हा मला तिच्याबरोबर तिथे प्यायचा होता, असं मी म्हणालो. पुस्तिकेत नव्हतं ते, ती म्हणाली.

शरद ऋतूत दोघी बहिणी पुन्हा जाणार आहेत. तवा मी नोसाकाबाईंना देऊन टाकला. मग धीर करून विचारलं, मलाही न्याल का? तिने ग्लास विसळला, पालथा घातला, विचार केला.

म्हणाली, आधी काइकेला जाऊन बघू, जमतं का. बसने.