निकिताचे दोनशे चाळीस दिवस

५ ऑगस्ट २०२४
आमची नात निकिता रिसोडच्या दाल मिलमध्ये लागली! पॅकिंगले. रोजंदारी आहे, पण गळ्यात कार्ड! रिठदमध्ये घरोघर पेढे वाटले, चार मीच खाल्ले. निकिता म्हणे, आजी, वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की शेठले मले उगाच काढता येत नाही. काढलं तर नोटीस, भरपाई, सगळं द्या लागते. त्याच्या आत काढलं तर चूप घरी बसा. म्हणलं, हजेऱ्या भरणं माह्याकडे लागलं. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून मिलचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून घेतला. उगाच फोन करणार नाही.

२ सप्टेंबर
पोळा. मिल चालू, पण सणाची पोरगी घरी नको? एका दिवसानं काय होते! उद्या कर आहे. करीचा दिवस कोणी मोजतच नाही.

१९ नोव्हेंबर
गुडघा ठणकला. मिलमध्ये फोन. निकिता येईपर्यंत थांबला. आलीच होती तर गोधड्या धुऊन घेतल्या.

२१ जानेवारी, दुपारी
चांदी व्याली!! दोन पिल्लं! मिलमध्ये फोन लावला, म्हणलं घरी डिलिव्हरी आहे, अर्जंट. मदनसिंग शेठनं लगेच सोडलं. पोरगी रडत रडत ऑटोनं आली. शेळी पाहून म्हणे, आजी, काहून असं करतं? हजेरी कापली ना माही! पण पिल्लू मांडीवर घेतलंच.

११ मार्च
शिरपूरचे पाहुणे आले मुलगी पाहाले. निकिता म्हणे, मले लग्न नाही, हजेऱ्या पाहिजेत. म्हणलं, लग्न नको करू, पोहे तर दे. पोराचे कान सुपाएवढे! नाही म्हणून टाकलं. पण दिवस मजेत गेला.

२७ मे
शेठनं निकिताले काढलं! पोरींसाठी पंखा मागितला म्हणून! पोरगी रडून राह्यली, मले तर हसूच आवरेना. फसला ना शेठ! हजेऱ्या कधीच्याच भरल्या असतील. उद्या वकील. नवं लुगडं काढून ठेवलं.

२८ मे
सेवादास वकिलानं मोजल्या. दोनशे छत्तीस. चार कमी. म्हणलं, साहेब, सोयाबीन मोजतानी वरून ओंजळभर टाकतेच ना मानूस, टाका चार. म्हणे, आजी, कोर्टात वरून टाकत नाहीत. खाडे कायचे, विचारलं. निकिता बोटावर मोजाले लागली. पोळा, कर, गुडघा, शेळी, कान... वकील माह्याकडेच पाहे. येतानी एसटीत माहा विकास, निकिताचा बाप, माह्याजवळची जागा सोडून पार मागच्या सीटवर जाऊन बसला. शेठवर लय चिडला असंल.

१६ जून
निकिताले वाशिमले काम लागलं! आत्याकडे राहणार. पुन्हा पेढे! यावेळी हजेऱ्या भरूनच सोडू. भिंतीवरचा जुना नंबर पुसून जागा केली, म्हणलं सांग नवा. निकिता गळ्यात पडून हसली. म्हणे, दोनशे चाळीस भरले की सांगतो. विकासले विचारलं, त्याले माहीत नाही. सुनेलेही नाही. आत्याचा फोन लागतच नाही. असे कसे सगळेच भुलले?

१८ जून, सकाळी
निकिता पहिल्या एसटीनं गेली.
चांदी पुन्हा गाभण आहे. सांगू कोणाले?