प्रीतीच्या लग्नाची दुसरी पुकार

रविवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये मंडळीसमोर प्रीतीच्या लग्नाची दुसरी पुकार, म्हणजे लग्नाआधीची जाहीर सूचना, वाचली. तिसरी, शेवटची, पुढच्या रविवारी. "कोणाची हरकत असल्यास कळवावी," म्हणालो आणि थांबलो. हरकत मलाच ठाऊक. मंगळवारी तीच सांगून गेली, "पास्टर, मला हे लग्न नकोय. पण पप्पांना सांगू नका, त्यांचं हार्टचं ऑपरेशन आत्ताच झालंय." मी शब्द दिला. कशाला दिला? पास्टर होण्याआधी गॅरेजात होतो तेव्हा नुसतं इंजिन ऐकून बिघाड ओळखायचो, पण मग उघडून दुरुस्त तरी करायचो. इथं ऐकायचं आणि गप्प बसायचं.

किती थांबलो कोण जाणे. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. प्रीती गायनाच्या पुस्तकात डोकं घालून बसलेली.

उपासनेनंतर तिचे वडील याकोबराव दारात भेटले. "लई वेळ थांबलासा की पास्टर! गडहिंग्लजच्या पावण्यांस्नी वाटायचं, पोरीत खोट हाय." ते हसले, मीही हसलो. हसायला मला कधी कष्ट पडत नाहीत, आज पडले.

मागून प्रीती आली. हात मिळवला, थंडगार.

"पुढच्या रविवारी थांबू नका," ती हळूच म्हणाली.

आणि मी "बरं" म्हणालो.