आपण म्हणजे किती जण

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे वाकता येत नाही, मानेनेच केलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा आणि तुझं मांजर, दोघांची कुरकुर थांबली असेल अशी आशा करते.

पाठ धरली ती चिमणीच्या प्रेमामुळे. चिमणी म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण. तू तिला पाहिलं आहेस. (दाराच्या चौकटीला डोकं आपटतं ती. नाव कोणी ठेवलं देव जाणे.) कॉलेज सुटल्यापासून आम्ही एकत्र राहतो, एका साबणाने कपडे धुतो आणि एकमेकींच्या आयांना थापा मारतो. तर ही बया गेल्या वर्षी चष्म्याच्या दुकानात जाऊन प्रेमात पडली. तिथल्या चष्मेवाल्याने हिच्या डोळ्यांत बघितलं, हिने त्याच्या, आणि त्या बघाबघीत नंबर चुकला. दुसरी कोणी चष्मा त्याच्या अंगावर फेकून आली असती. ही महिनाभर तोच घालून हिंडली. का, तर म्हणे त्याने स्वतःच्या हाताने बसवून दिलाय! साखर समजून चहात मीठ घातलं, ते मी प्यायले. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते, त्यामुळे दात दिसले की मला काम आठवतं. आणि हे दोघं समोरासमोर बसले की अक्कलदाढेपर्यंत सगळं दिसतं. वर तो मला ‘ताई’ म्हणतो. माझ्याहून वर्षाने मोठा आहे मेला!

एकदा चहा पिता पिता हा चष्मेवाला म्हणाला, “आपण आता मोठं घर बघायला हवं.” चिमणी म्हणाली, “हो ना, इथे आपल्याला नाही पुरत.” खोलीत आम्ही तिघं. आता मावशी, जन्मभर शाळेत व्याकरण तू शिकवलंस. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात आला आणि ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहिला, हे तूच माझ्या डोक्यात घातलंस. ऐकत मी होते, म्हणजे मी आले. आधी मी नाक मुरडलं. मग म्हटलं, लग्न झालं तरी या दोघांना घरात एक शहाणं माणूस लागणारच. उदार मनाने मी होकार दिला. (मनातल्या मनात. तिथेच घोळ झाला.) घर बघायलाही मी सोबत गेले, गॅलरीकडची खोली आपली म्हणून पडद्याचं माप घेतलं. ते दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, नेहमीचंच.

घरी येऊन मी घरमालकिणीला सांगून टाकलं की आम्ही खोली सोडतोय. तिने त्याच संध्याकाळी ती भाच्याला कबूल केली. मी कपाट दाराकडे ओढत होते, तेवढ्यात चिमणी आली.

“अगं, हे काय चाललंय?”

“आपण जाणार ना नव्या घरी?”

“अगं... आपण म्हणजे... आम्ही.”

तेव्हाच पाठीत कळ आली.

आपण म्हणजे आम्ही! भाषेची काही लाज? दुसऱ्या दिवशी एका आजोबांच्या कवळीचे सुळे जरा लांबच निघाले. चष्मेवाला मलम घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, येत जा हं आमच्याकडे.” आमच्याकडे! इथे मात्र गड्याचं व्याकरण अचूक. मला तरी कुठे जायचं होतं तिथे? भिंतींना ओल आहे. पण मावशी, वाईट वाटलं, फार वाटलं. चिमणी माझ्या गळ्यात पडून रडली, मीही थोडी रडले. (पाठ दुखत होती.)

बाकी सर्व क्षेम. मांजराला माझा राग नसावा.

तुझी,
भाची

ता. क. : महिनाअखेरीस खोली सोडायची आहे. तुझी मागची खोली अजून रिकामीच असते ना? सहज विचारलं.

आणखी एक ता. क. : फोन ठेवताना तू दर वेळी म्हणतेस, “कधीही ये गं, आपलंच घर आहे.” व्याकरणाच्या बाई म्हणून तुला विचारते, त्या ‘आपलंच’मध्ये मी धरलेली आहे का? नीट विचार करून कळव. तोवर मी पडद्याचं माप घेणार नाही.