मागच्या भिंतीला आठ दिवस पाणी

बाबा, यंदा श्रावणात वणा नदीचं पाणी हिंगणघाटच्या आपल्या घरात शिरलं. तुम्ही जोतं दोन फूट उंच घेतलं तेव्हा गल्लीतले लोक हसले होते, असं तुम्हीच सांगायचात. यंदा पाणी त्या जोत्यावर चढलं आणि आत कमरेपर्यंत आलं. त्यात तुमची काही चूक नाही. आईला शेजाऱ्यांनी वेळेवर शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं, तिथे ती दोन रात्री राहिली. रस्ता बंद असल्यामुळे मला वर्ध्याहून यायला तिसरा दिवस उजाडला. मी पोहोचले तर ती शाळेत नव्हतीच. घरात होती, लुगडं वर खोचून, घोटाभर काळ्या गाळात उभी राहून तुमच्या थापीनं भिंतीवरचा चिखल खरवडत होती. मला दारात पाहून सवयीनं म्हणाली, "चपला बाहेर काढ वं." मग स्वतःच खाली पाहिलं आणि हसली. त्यानंतर बरेच दिवस मी तिला हसताना पाहिलं नाही, म्हणून हे आधी सांगते.

तुम्ही हौसेनं भरून घेतलेली कापसाची गादी चार माणसांना उचलेना. पिंपातला गहू आंबला. फ्रिज स्वयंपाकघरात आडवा होऊन दाराला अडकला होता. आई म्हणत होती, सामान जाऊ दे, भिंती उभ्या आहेत ना. चार दिवस आम्ही दोघी गाळ काढत राहिलो. चौथ्या दिवशी तिचं अंग गरम लागलं, तर म्हणाली, "पाण्यातून आलेला ताप हाये, पाण्यासंगं जाईन." मी ऐकलं. मला ऑफिसला जायचं होतं, मी दोन दिवसांसाठी वर्ध्याला परत गेले. पुन्हा आले तेव्हा तिला एक वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्हीकडून छाती भरलेली होती, न्यूमोनिया. नऊ दिवस ती तिथे होती. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला न घेता तिच्या समोरच सांगितलं, "घराच्या भिंती पूर्ण सुकल्याशिवाय यांना तिथे नेऊ नका. ओल, बुरशी, काहीच चालणार नाही. या वयात पुन्हा असं झालं तर हाती काही राहणार नाही."

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग सुकव भिंती."

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हवेशीर आहे. तुमच्या जावयांनी कपाटातला एक खण रिकामा करून दिला. आई म्हणाली, "राहू द्या जावईबापू. दोन दिवसासाठी कायले?" तिनं कपडे पिशवीतच ठेवले आणि पिशवी खाटेखाली. रोज सकाळी पिशवीतून एक लुगडं काढायची, धुतलेलं घडी करून परत पिशवीत. असे तीन महिने. नातीशी बोलायची, दोन पोळ्या खायची, तक्रार म्हणून नाही. फक्त मी हिंगणघाटहून आले की विचारायची, "कोणती भिंत सुकली?" तिला कुठे राहायचं आहे हे तिनं एकदाही तोंडानं सांगितलं नाही, पण आमच्या घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

दुरुस्तीला मी तुमच्याच हाताखाली घमेली उचलत शिकलेल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. आता त्यांचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. त्यांनी आधी काही फोडलं नाही. घरभर फिरले आणि प्रत्येक भिंतीवर बोट दुमडून टकटक करत गेले, तुम्ही करायचात तसं. पुढची खोली, मधली खोली. "आयका ताई, कशी बोलते. खणखणीत. मिस्त्रीचा हात हाये हा." म्हणजे तुमचा. तळाचं फुगलेलं पलस्तर तेवढं काढायचं, बाकी सुकलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. चुलीच्या मागच्या भिंतीवर त्यांनी बोट वाजवलं तर आवाज भद्द आला, रिकाम्या डब्यासारखा. थापीचं टोक लावलं आणि हातभर रुंद पापुद्रा सुटून ओट्यावर पडला. मग दुसरा. मिस्त्रीकाका हसायला लागले. "सगळ्या गावाच्या घरी मिस्त्रीनं पक्कं केलं, आन् सोताच्या घरी तेवढं चुकलं. आमी तवाबी लय चिडवलं होतं त्यायले." मी पण हसले, बाबा. त्या भिंतीबद्दल मी दुसऱ्यांदा खरं बोलले नाही.

पहिल्यांदा मी अकरा वर्षांची होते. होळी होऊन गेली होती. तुम्ही सहा दिवस लोकांची घरं बांधायचात आणि आपलं घर रविवारी. त्या रविवारी ती भिंत पलस्तर करून पुरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला कारंज्याला, हायवेवरच्या एका ढाब्याच्या कामाला जायचं होतं. आई सकाळीच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तुम्ही मला भिंतीसमोर उभं केलं आणि शिकवलं. नवीन पलस्तराला आठ दिवस पाणी लागतं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी नाही मिळालं तर ते वरून कडक दिसतं पण विटेला धरत नाही. "लेकरावानी हाये ते. तहान लागली तं सांगत नाई." मी मान डोलावली. पहिले दोन दिवस मी खरंच मारलं. हापशीवर रांग असायची, बादली अर्धी भरली की हात भरून यायचे. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरी मुली सागरगोटे खेळत होत्या. मी म्हटलं, दुपारचं एक राहिलं तर काय होतं. मग संध्याकाळचं राहिलं. मग चौथा दिवस, पाचवा. भिंत तर तशीच दिसत होती, छान राखाडी. आठव्या दिवशी तुम्ही येणार म्हणून मी चार बादल्या आणून एकदम ओतल्या, जमिनीवर तळं झालं.

तुम्ही संध्याकाळी आलात. हातपाय न धुता आधी भिंतीवर तळवा ठेवलात. ती ओली होती. दुपट्ट्यात बांधून तुम्ही संत्री आणली होती, मृगाच्या बहाराची. त्यातलं सगळ्यात मोठं माझ्या हातात दिलंत आणि आईला म्हणालात, "हे पाणी मारणारीले." ते संत्र गोड होतं की आंबट, मला आठवत नाही. सालीचा वास आठवतो, कारण मी ते बराच वेळ सोलत बसले होते.

दिवाळीच्या आधी भिंतीचा मधला भाग फुगला आणि एके दिवशी आई फोडणी देत असताना कढईत पडला. तुम्ही भिंत वाजवून पाहिलीत. खाली बसलात. हाताखालची दोन माणसं तेव्हा घरी चहाला आली होती, हे मिस्त्रीकाका त्यातलेच, जवान होते. तुम्ही त्यांच्यासमोर मला विचारलंत, रागानं नाही, "पाणी मारलं होतं नं वं?" मी म्हटलं, "हो." तुम्ही लगेच मान हलवलीत. "मंग माहाच माल चुकला. रेती खराब घेतली मी." ती माणसं हसली, सोताच्याच घरी का मिस्त्री, म्हणाली. तुम्ही पण हसलात. नंतर तुम्ही तेवढा भाग बुजवला, आईनं त्यावर कॅलेंडर टांगलं, आणि मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन वर्ध्याला गेले. तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं झाली. दरवर्षी नवीन कॅलेंडर त्याच खिळ्यावर लागत राहिलं.

मिस्त्रीकाकांनी भिंत वाजवली त्या दिवशी वर्ध्याला परत आल्यावर आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, कोणती भिंत सुकली. मी सांगितलं, स्वयंपाकघरातली मागची सगळीच काढावी लागली, विटा उघड्या केल्या. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "त्या भिंतीले पाणीच नव्हतं मारलं तं काय होईन."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी जिनिंगमधून येऊ तं बादली कोरडी राहे. हाताले समजत नाई का?"

"मग तू बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? सांगून का पलस्तर चिकटनार होतं?" एक शेंग मोडून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "ते कारंज्यावरून येतानी गावभर सांगत आलते, माह्या पोरीनं आठ दिवस एकटीनं पाणी मारून तराई केली म्हून. त्यायले दोष रेतीचा बरा वाटला असता, का तुहा?"

तिनं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "निवडून दे. डोयानं दिसत नाई मले बारीक."

भिंती सुकायला अडीच महिने लागले. मी दर रविवारी जाऊन दारं-खिडक्या उघडून बसायची. विटांवर पांढऱ्या खाराचा लोणा फुटायचा, तो ब्रशनं झाडायची, पुढच्या रविवारी परत फुटलेला असायचा. कुठेच काही करण्यासारखं नसताना घराजवळ बसून राहणं मला आधी माहीत नव्हतं. शेजारच्या वहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, "काय वं, भिंतीले पाळण्यात घालून राह्यली का?" शेवटी मिस्त्रीकाकांनी विटेवर गाल टेकवून पाहिला आणि म्हणाले, झाली. दोन दिवसांत त्यांनी पलस्तर केलं. मग निघताना माझ्याकडे वळले. "आता आठ दिवस पाणी, ताई. मानूस लावू नका, लोक निस्ता हात ओला करते. तुमीच पाहजा." त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी सहज म्हटलं.

ऐकून मला गंमत वाटली. अडीच महिने ज्या भिंतीची ओल घालवायला आम्ही थांबलो, तिलाच आता भिजवत ठेवायचं. आईच्या छातीला जे नको तेच भिंतीला हवं. मी ऑफिसातून अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा घेतल्या. पहाटेची एसटी धरायची, आठ वाजता भिंतीला पाणी, मग गोणपाट ओलं करून तिच्यावर टांगायचं, दुपारी पुन्हा, आणि मग परत. संध्याकाळचं पाणी गोणपाटावर सोडलेलं. आता नळाला पाइप लागतो, हापशीची रांग नाही. तरी दंड भरून आले. पाणी वरून खाली ओघळत जाताना पाहत राहायची. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्या दिवशी मला आनंद झाला होता हे लपवत नाही. लहानपणी मी इथवर पोहोचले नव्हते.

पाचव्या दिवशी पहाटे आईला धाप लागली. मी चपला घालून दारात होते. तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं, वाफ दिली, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. दुपारी कळलं की तसं नाही, साधा कफ आहे, घाबरायचं कारण नाही. पण तोपर्यंत दिवस गेला होता. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. वहिनींना फोन करून कुलूप तोडायला सांगावं असं एकदा मनात आलं, मग वाटलं एवढं काय. हे वाटणं मला ओळखीचं होतं. संध्याकाळी तोंडावरचा मास्क काढल्यावर आईनं आधी तेच विचारलं. आवाज बसलेला होता.

"पाणी मारलं का वं?"

"हो, आई. मारलं. वहिनींनी."

ती डोळे मिटून पडली. तिला बरं वाटलं, ते तिच्या कपाळावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं गेले. गोणपाट वाळून कडक झालं होतं, भिंत पांढरट पडली होती. मी तिला इतकं पाणी घातलं की ते ओट्यावरून वाहून अंगणात गेलं. आठाऐवजी दहा दिवस घातलं. मिस्त्रीकाकांना मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते की एका दिवसानं काही होत नाही. कदाचित म्हणाले नसते.

डॉक्टरांनी आईला जायला हो म्हटलं तेव्हा तिनं खाटेखालची पिशवी ओढली. काहीच भरायचं नव्हतं, सगळं आत होतंच. आता ती घरी आहे. पुढच्या खोलीत निजते, उन्हात बसते, खोकला नाही. मी त्या जुन्या खिळ्याच्या जागी नवीन खिळा ठोकायला गेले तर म्हणाली, "तिथं काई टांगू नको. दिसू दे भिंत." रविवारी मी जाते तेव्हा ती चुलीच्या बाजूला बसून त्या भिंतीला पाठ टेकून भाजी निवडते. तुमची थापी तिनं धुऊन, तेल लावून कोनाड्यात ठेवली आहे.

हे लिहून मी कुठे पाठवणार नाही, आणि आईला वाचून दाखवणार नाही. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत त्याचं उत्तर, बाबा, नाही असं आहे. नव्हतं मारलं.

मिस्त्रीकाकांनी जाताना सांगितलं होतं, महिन्यानं बोटानं वाजवून पाहजा, खणखणीत बोलली म्हणजे जल्माची झाली. महिना होऊन दोन आठवडे झाले. बाकीच्या सगळ्या भिंती मी वाजवून पाहिल्या आहेत.