शॉट क्लॉकवर बसवलेला बाप

ती. सौ. दुर्गाताईस,

दोहाहून शशीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींची साखर तुझ्या धाकात आहे ना? आम्ही मजेत. आसावरी बारावीनंतर आर्किटेक्चर शिकायला नाशिकला तुझ्याकडे येणार की नाही, हे तू फोनवर कितीदा विचारलंस आणि दर वेळी मी इथल्या हवेबद्दल बोललो, असा तुझा आरोप आहे. (हवा खरंच छान होती.) फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून सुट्टीवर सिन्नरला निघालेल्या आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हर सुदामच्या हाती खजुरांबरोबर हे पत्र देतोय. मुद्द्यावर येतोच.

तर लॅक्रोस, म्हणजे आसावरीचा खेळ. टोकाला जाळी लावलेली काठी घेऊन मुली धावतात, जाळीत चेंडू झेलतात आणि गोलात मारतात. आपल्या आसावरीची ख्याती मात्र चेंडू न मारण्याबद्दल. संघ एका गोलने पुढे असला की ही बया चेंडू जाळीत घेऊन गोलच्या मागेपुढे नुसती फिरत राहायची. समोरच्या मुली दमायच्या, वेळ संपायचा, आम्ही जिंकायचो. (हा गुण तिच्यात कुणाकडून आला, यावर तिच्या आईचं, मालविकाचं, ठाम मत आहे. ते इथे लिहीत नाही.) यंदा त्यावर उपाय म्हणून शॉट क्लॉक आलं. चेंडू मिळाल्यापासून दीड मिनिटात गोलवर मारा, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना. ते घड्याळ चालवायला पालक हवा होता. हमद पोर्टवर क्रेनचं वेळापत्रक सांभाळणारा माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटच्या सामन्यात बरोबरी, थोडाच वेळ उरलेला आणि चेंडू आसावरीकडे. ती घसरून पडली, चेंडू न सोडता उठली, गुडघ्याला रक्त. आणि ताई, माझ्या हाताने घड्याळ थांबवलं! पोरीला आधी घोटभर पाणी तर पिऊ द्या, एवढंच डोक्यात. बाटली घेऊन मी मैदानात शिरलोसुद्धा. रेफरी सुमैयाबाईंनी शिट्टी फुंकली, समोरचे पालक उभे राहिले. घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी आपली आसावरी भर मैदानात खणखणीत मराठीत ओरडली, "बाबा, बाटली ठेवा आणि घड्याळ चालू करा! यल्ला!" (यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला, लवकर'.)

मी मुकाट्याने केलं. या वेळी ती कुठेही फिरत बसली नाही, सरळ घुसली आणि गोल मारला. मी टाळ्या वाजवल्या, तर सुमैयाबाईंनी डोळे वटारले. (घड्याळवाल्याने आनंद दाखवायचा नसतो म्हणे.) पोर इतकी मोठी झालेली दिसली की मला चष्मा पुसावा लागला.

तेव्हा, मी आता या घड्याळाचा कट्टर समर्थक आहे. माणसाने निर्णय वेळेत घ्यावेत. मालविका हो म्हणते, मीही हो. आसावरी येतेय. खलास.

तुझा धाकटा,
शशी

ता.क. माडीवरच्या खोलीची खिडकी नीट लागते ना? तिला सर्दी लवकर होते. (मी टाळत नाहीये, नुसतं विचारतोय.)

आणखी एक ता.क. माझा होकार तिला अजून सांगितलेला नाही. शुक्रवारी ती स्वतःच तुला फोन करून 'आत्या, येऊ का?' असं विचारणार आहे. लगेच हो म्हणू नकोस. 'ह्यांना विचारून सांगते' म्हण. (तू भावजींना आजवर काहीही विचारलेलं नाहीस, हे तिला माहीत नाही.) ताई, मला अजून थोडे दिवस हवेत. ती गेली की संध्याकाळी गाडी घेऊन मैदानावरून कुणाला आणायला जाऊ?