गंधाच्या दोऱ्या

२ एप्रिल
जिंकले! बागाईतदारांच्या सोसायटीत तासभर बोलले. फवारणीच्या दिवशी शाळेच्या खिडक्या बंद कराव्या लागतात. माझ्या वर्गातली पोरं कोंडून बसतात, तरी खोकतात. आदिजे नदीकाठी आपण द्राक्षं पिकवतो की विष? — असं थेट विचारलं. शेवटी फवारणीऐवजी गंधाच्या दोऱ्यांसाठी हात वर झाले. पण एकाच हंगामापुरते. ऑगस्टच्या सभेपर्यंत घडांत अळी सापडली, तर पुन्हा फवारणीचे पंप.

तुल्लिओ, माझ्या वरच्या बागेचा शेजारी, तेवढा हाताची घडी घालून बसला. "बाई, पतंगांची लग्नं मोडायला निघालात! त्यापेक्षा माझं एक जुळवा, पुण्य लागेल." सगळे हसले. मी नाही.

१४ एप्रिल
सगळं गाव बागांत. मादी-पतंगाच्या गंधाच्या तपकिरी दोऱ्या तारांना बांधायच्या. गंध चहूकडे दरवळला की नराला खरी मादी सापडत नाही — अंडी नाहीत, अळी नाही. मी चौकात गाडीवर उभी. कोणी कुठल्या बागेत जायचं ते ओरडून सांगत होते. मक्याचा पोलेंटाही उभ्यानंच खाल्ला. आवाज पार बसला.

तुल्लिओ फिरकला नाही. हेकट मेला! एक बाग उघडी राहिली की तिथल्या माद्या आमच्या घडांवर येणार.

२० मे
शेजारच्या गावांतून भाषणांची बोलावणी. वरची बाग गड्यावर सोपवलीय.

९ जून
खालच्या बागांत पतंग मोजायला लावलेले सोसायटीचे चिकट सापळे रिकामे. एकही नर चिकटला नाही. तरी धास्ती जात नाही.

२७ जुलै
अळी! माझ्याच वरच्या बागेत. मण्याला भोक, भोवती जाळं.

बांधापलीकडे तुल्लिओ उभा. म्हटलं, "तुझ्या माद्यांचे प्रताप!"

"माझ्या बागेत येऊन बघा की, बाई."

"पाऊल ठेवणार नाही! सभेत बघते तुला."

वर हसला. असा संताप आला!

८ ऑगस्ट
भाषण तयार. एकाच्या हट्टापायी गावाच्या पोरांनी विष हुंगायचं का? — नाव घेऊन विचारणार. सोडणार नाही.

१० ऑगस्ट
अध्यक्ष रेमो सगळ्या बागा तपासून आला. चेहरा उतरलेला.

"गाव स्वच्छ आहे, बाई. अळी फक्त तुमच्याकडे. पण लोक काय म्हणतील? बाईंच्याच बागेत जमलं नाही, आपण नशिबानं वाचलो! उद्या पंपालाच मतं पडणार."

"आणि तुल्लिओची बाग?"

"एक अळी नाही. पानांआड तारांवर दोऱ्या आहेत. एप्रिलातच एकट्यानं बांधल्यात. विचारलं तर म्हणतो, 'नाही म्हणालो ते बाईंना. बागेला थोडंच?'"

मग ही अळी आली कुठून?

११ ऑगस्ट
तळघरातला जुना फ्रिज उघडला. दोऱ्या गारव्यात ठेवायच्या असतात. माझ्या वाट्याचं पाकीट तिथंच — सीलबंद. प्रत्येकाला वाटलं, बाईंच्या बागेत दुसऱ्या कोणीतरी बांधल्या. आणि बाई गाडीवर उभ्या राहून बोलत होत्या!

जिथं दोऱ्या नाहीत, तिथंच अळी. याहून भक्कम पुरावा माझ्या अख्ख्या भाषणात नव्हता.

भाषण फाडलं. पाकीट घेऊन सभेला निघालेय.