अकरा प्रश्न आणि एक बरणी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच वसुधाला फोन लावला. माझी धाकटी बहीण, कणकवलीला असते. एकेकाची चौकशी केली. भावोजींचा गुडघा? "बरो आसा." तिच्या नातीचा, गार्गीचा खोकला? "गेलो." म्हैस? "ती पण बरी!" आणि तुझा खांदा गं? "माका काय धाड भरली?" मग तिने माझं विचारलं. म्हटलं, ठणठणीत!

दुपारी व्यायाम केंद्रात. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रांजल मोफत व्यायाम शिकवते, हात-खांदे दुखणाऱ्यांना. कागद वाचून दाखवायचं काम माझं. अकरा प्रश्न — घट्ट बरणी उघडणं, पिशवी उचलणं, पाठ धुणं, झोप... एक म्हणजे काहीच अडचण नाही, पाच म्हणजे जमतच नाही. प्रांजल त्याचा आकडा काढते. शून्य म्हणजे हात उत्तम, शंभर म्हणजे निकामी. पंधराच्या खाली आलं की व्यायाम बंद, जागा पुढच्या माणसाला.

शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले. आणि आज मी परीक्षा घेते! गंमतच.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज सुंदराबाईंचा कागद. घाटकोपर स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात दिवसाला दोनशे पोळ्या लाटतात. बरणी उघडता ना? "उघडते की!" जड काम करता? "करते की ताई! मी नाही तर काय कलेक्टर येणार लाटायला?" हॉल हसला. मी पटापट एकावर गोल करत गेले.

आकडा आला सात! प्रांजल खूश. म्हणाली, "मावशी, शुक्रवारी शेवटचं या." सुंदराबाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि गेल्या.

दोरीवरचे कपडे ह्यांनी काढले. बरं झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाट लागली! माझीच.

सुंदराबाई निरोप घ्यायला आल्या, हातात जवसाच्या चटणीची बरणी. "जयभीम ताई. चाखून बघा." मी म्हटलं, तुम्हीच उघडा. त्या मटकन खुर्चीत बसल्या, बरणी दोन गुडघ्यांत दाबली, डाव्या हाताने झाकण धरलं, दात आवळले — कपाळावर घाम! झाकण फिरलं. "बघा, उघडली की नाही?"

मी बघतच राहिले. हे "काहीच अडचण नाही"?

"उजवा हात कुठाय हो?"

"तो? तो दिवाळीपासून रुसलाय. पण काम तर होतंय ना! पोळी-भाजीच्या शेठाणीला कळलं तर दुसरी बाई ठेवतील. म्हणून म्हणते, करते."

कागद पुन्हा काढला. छापलेलं काय? "करताना किती अडचण आली?" आणि मी विचारत होते काय? "करता ना?" शहाणी मी! लवकर आटपावं म्हणून प्रश्नाचं शेपूटच कापलं. बाई माणसाला "करता का" विचारलं, तर ती "करते"च म्हणणार. करण्यावाचून सुटका कुठाय?

प्रांजलसमोर कबूल केलं. वाटलं, हाकलेल. तर म्हणते, "काकू, चुकलात ते बरं झालं. मीसुद्धा आकडा बघितला, खांदा नाही." दोघींनी मिळून सुंदराबाईंना पुन्हा विचारलं, सावकाश. पोळी लाटताना? "...चार लिहा." झोप? "पाच." कधी सांगितलं नव्हतं त्यांनी कुणाला. मग रडल्या थोड्या, हसल्याही. आणि कागद घरी किंवा पोळी-भाजी केंद्रात कुणी बघणार नाही ना, हे तीनदा विचारलं.

आकडा सत्तावन्न! व्यायाम चालू.

८ फेब्रुवारी, शनिवार

चटणी झकास. हात भरून आला, पुढचं उद्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

जुने सतरा कागद नव्याने भरायला घेतले. पहिली म्हणाली, "हे आधी का नाही विचारलं?" दुसरीने पाठ धुवायला लाकडी पळी वापरते म्हणून सांगितलं! हसून हसून पोट दुखलं.

सुंदराबाई व्यायाम करता करता माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी वरच्या फळीवरची फाइल काढत होते. डाव्या हाताने, चवड्यांवर उभी राहून.

"प्रांजल, ह्या ताईंचा कागद कुठाय गं?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! आणि वसुधाचाच आवाज कानात आला.

सुंदराबाईंनी पेन घेतलं. अक्षरं जुळवत वाचलं त्यांनी. प्रश्नाचं शेपूट एकदाही कापलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझा आकडा एकसष्ट. सुंदराबाईंपेक्षा चार जास्त! उद्यापासून टेबलाच्या त्या बाजूला बसायचं.

वसुधाला पाकीट टाकलं. माझा भरलेला कागद आणि एक कोरा. खाली लिहिलं — ठणठणीत म्हटलं ते खोटं होतं. आता तुझं खरं काय ते लिही, आणि लवकर पाठव गं.